वरच्या वर्गातला घोडा

गेल्या आठवड्यात मांडवीच्या वाळूत एक घोडा बघितला आणि तेव्हापासून मी घरात एका जागी बसलेली नाही. चहा गॅसवर ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. गॅलरीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, तरी उभी राहते. मागे चहा उतू जातो.

घोडा येणाऱ्या-जाणाऱ्यांना काही विशेष वाटला नसता. पोरांना वाळूत फेरी मारून आणणारे घोडे मांडवीला असतातच. कपाळावर प्लॅस्टिकची फुलं, गळ्यात घुंगरू, पाठीवर टिकल्या लावलेलं लाल खोगीर. दोन बुटके तट्टू आणि हा तिसरा, नवीन. कुम्मैत, म्हणजे काळसर तांबडा, आणि त्या दोघांपेक्षा चांगला हातभर उंच. ओहोटी होती. ओल्या काळ्या वाळूवरून तो चालत गेला आणि मी जुन्या सवयीनं त्याचे ठसे बघितले. मागचा पाय पुढच्या पायाचा ठसा ओलांडून वीतभर पुढे पडत होता. तट्टू असं चालत नाहीत, त्यांचा मागचा पाय कसाबसा पुढच्या ठशापर्यंत येतो. वाऱ्यावर त्याच्या घामाचा वास आला, आंबूस-गोड, भिजलेल्या चामड्याचा, आणि मी भेळेचा कागद हातात धरून तशीच उभी राहिले. भेळ मऊ पडली, ती तिथल्या कुत्र्याला घातली.

घरी येऊन बाबांना सांगितलं, "मांडवीवर रेसचा घोडा आलाय."

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांची नजर हळूहळू गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टरांना मात्र ते दर वेळी "थोडं थोडं दिसतं" असंच सांगतात. त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड केलं. मग शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या, तर त्यांना विचारलं, "काय गो वैनी, मांडवीवर रेसचा घोडा आयलाय म्हनते ही. खरा काय?"

हे असं आहे. बाहेर ऊन आहे असं मी म्हटलं की ते वहिनींना विचारतात. गोळी पांढरी आहे म्हटलं की पेपरवाल्याला दाखवतात. बँकेत सगळी हयात मी लोकांच्या सह्या ताडून बघितल्या, आणि भल्याभल्या वकिलांनी माझ्या नजरेपुढे हात टेकले. घरात मात्र माझा शब्द दुसऱ्या कुणीतरी खरा करून द्यावा लागतो. मला ते लागतं. ह्या वयातही लागतं, केस पांढरे झाले म्हणून काही कमी झालेलं नाही. एकदा, फक्त एकदा, त्यांनी दुसऱ्या कुणालाही न विचारता माझ्या शब्दावर जावं, एवढंच मला कॉलेजात असल्यापासून हवं होतं.

त्या रात्री झोप नाही. उठून कपाट आवरायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

आमचं गाव सावर्ड्याच्या बाजारपेठेतून आत, डोंगराच्या पायथ्याला. बाबा मुंबईला गोदीच्या वर्कशॉपात फिटर होते. शिमग्याला आणि गणपतीला सगळेच चाकरमानी यायचे, पण बाबा मधेच एकदा, लावण्या उरकल्या की, नांगरणीच्या शर्यतीला यायचे. रजा मिळाली नाही तर खुशाल आजारी पडायचे. चिखल केलेल्या शेतातून बैलजोड्या नांगर ओढत पळायच्या आणि बांधावर छत्र्यांची नि इरल्यांची झुंबड उडायची. तो वास मला अजून कुठेही आला तरी ओळखू येईल. उकरलेली तांबडी माती, शेण, ओलं कांबळं, शिंगांना चोपडलेलं तेल, विड्या. नांगऱ्या ओरडायचा, त्याच्या मागोमाग सगळा बांध ओरडायचा, आणि चिखल असा उडायचा की जोडी परत येईपर्यंत पांढरा बैल कुठला आणि तांबडा कुठला हे सांगता यायचं नाही.

जोड्या सुटण्याआधी त्यांना कडेकडेनं फिरवत. तेव्हा बाबा आणि तात्या बांधावर उकिडवे बसून बघायचे. तात्या म्हणजे बाबांचा वाडीवाला. मुंबईतही दोघं गावच्या माणसांच्या एकाच खोलीत राहायचे, वळकट्या शेजारी-शेजारी. तात्या उठून बैलाच्या छातीला वीत लावायचा, खुरावर अंगठा दाबायचा आणि निकाल द्यायचा. "ह्यो थांबायचा नाय. ह्येच्या पायाची नळी बग. रुतला तरी पाय उपसून काढील." आणि तो बैल खरंच थांबायचा नाही. बैलांच्या बाबतीत तात्याचा शब्द पडला की वाडीत पुढे कुणी बोलत नसे.

आई डबा घेऊन यायची आणि दोघांच्या पाठीमागे उभी राहून मला म्हणायची, "एवडा निरखून माज्याकडं बगितला आसता तुज्या बापसानं, तर माजा तोंड तरी लक्षात र्‍हायला आसता त्येंच्या." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कान मात्र लाल व्हायचे.

मग मी कॉलेजला मुंबईत गेले. गावच्या खोलीत मुलीला जागा नव्हती, म्हणून परळला आत्याकडे राहिले आणि तिथे मला अजिबात करमत नव्हतं. रविवारी बाबा भेटायला यायचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि आत्याचा चहा अर्धा ठेवून उठायचे. "चल बाय, जरा फिरून येव." आत्याला वाटायचं, बापलेक महालक्ष्मीला देवीच्या पाया पडायला जातात. आम्ही महालक्ष्मीलाच जात होतो, फक्त रेसकोर्सवर. तिथे फाटकाशी तात्या वाट बघत उभा असायचा.

हिवाळ्यातल्या त्या दुपारी अजून अंगावर येतात. कापलेल्या गवताचा वास, त्यात शेंगांचा, संत्र्याच्या सालींचा, स्वस्त सिगारेटींचा. माणसं सगळी उभ्या उभ्या पायांची अदलाबदल करणारी, कुणी शांत म्हणून नाही. समुद्रावरून वारा यायचा आणि फाटक्या तिकिटांचे कपटे पायांशी गोल गोल फिरायचे. बाबांच्या गळ्यात जुनी दुर्बीण असायची, तिच्या पट्ट्याला त्यांच्या मानेच्या घामाचा वास. ती मला धरायला देत. मी धावपट्टी सोडून लांबच्या इमारतींच्या खिडक्या बघायची आणि ओरडा खायची.

पण खरी मजा धावण्याआधी. पॅडॉकमध्ये मोतद्दार लगाम धरून घोड्यांना गोलात फिरवत, आणि बाबा कठड्याला टेकून ओठ न हलवता मला सांगत. घोड्यांनी ऐकलं तर ते मुद्दाम वेगळं चालतील अशी बहुतेक त्यांना भीती होती.

"दोन गोष्टी आसतात, बाय. येक त्येचा वर्ग. तो जन्माचा. आनि येक त्येचा आजचा दिवस. तो त्येचा त्येलाच ठाव."

घोड्यांना शाळेतल्यासारखे वर्ग असतात, फक्त उलटे, पहिला सगळ्यात वरचा. जिंकत गेला की घोडा वर चढतो आणि पाठीवरचं वजन वाढतं, हरत गेला की खाली येतो. हे सगळं रेसच्या पुस्तकात छापलेलं असतं, ते कुणीही वाचेल. बाबांचं म्हणणं, छापलेलं बाजूला ठेव आणि एवढंच शोध, की हा वरच्या पंगतीतून उठून खालच्या पंगतीला बसलाय तो का? दमलाय, दुखतंय, की नुसता रुसलाय? रुसलेला असेल तर आज ह्या खालच्या मंडळींना तो सहज मागे टाकील. दुखत असेल तर नाही. मग बघायचं ते मागच्या पायाची झेप. पोट आत गेलंय का. अंगावर खरी चकाकी आहे की पाणी मारलंय. मांड्यांमध्ये साबणासारखा फेस आला असेल तर तो अर्धी शर्यत इथेच धावून बसला. आणि शेवटी, दुसरा घोडा शेजारी आला की हा काय करतो.

"तितं वर्ग कळतो," बाबा म्हणायचे. "हलका आसला तर बाजूला सरकतो. वरचा आसला तर नुसता कान फिरवतो आनि पाऊल लांब टाकतो."

मला ते दिसायचं. अभ्यास करून नव्हे, आपोआप. सगळे घोडे गोल फिरून जायचे आणि त्यातल्या एकावर नजर अडकायची, साडीचा काठ खिळ्याला अडकावा तशी. बाबा विचारायचे, "बोल. खयचा?" मी सांगायची. ते गंभीरपणे मान हलवायचे. त्या मानेच्या हलण्यावर मी पुढचा अख्खा आठवडा आत्याकडे काढायची.

आणि मग ते वळायचे. "तात्या, तू बोल."

तात्या रेसच्या घोड्यांकडे बैलाच्या नजरेनं बघायचा. ती उंच, बारीक पायांची, कातडीखाली शिरा दिसणारी जनावरं त्याला मुळातच पसंत नव्हती. "ह्या काटकुळ्याला चिखलात कोन घालील?" असं तो म्हणायचा. मी म्हणायची, "तात्या, इथे चिखल कुठे आहे?" समोर हिरवंगार गवत, पाटावर हात फिरवावा इतकं सपाट. "आज नाय," तात्या म्हणायचा, "उद्या आसंल." आणि रुंद छातीचा, जाड नळीचा, डोळे अर्धे मिटून चालणारा, नांगराला खरोखरच उत्तम असा एखादा घोडा निवडायचा. आणि मला हे सगळं ज्यांनी शिकवलं ते माझे बाबा मुकाट्यानं खिडकीवर जाऊन तात्याच्या घोड्याची तिकिटं घेऊन यायचे.

घंटा व्हायची. सगळं एकदम गप्प. मग लांबून तो आवाज, आधी तळपायांना कळणारा आणि मग कानांना, आणि मग माणसांच्या ओरडण्यात बुडून जाणारा. माझा घोडा दर वेळी यायचा असं नाही, पण यायचा. तात्याचा मागून डुलत डुलत यायचा, बांधावरून घरी परत निघाल्यासारखा. बाबा तिकिटं फाडायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. तात्या पुढे आलेल्या घोड्याकडे तुच्छतेनं बघून म्हणायचा, "दम नाय त्येच्यात. नुसता पळतो."



एकदा, आणि हे एकदा झालं नसतं तर बरं झालं असतं, आम्ही तिघं पावसाळ्यात पुण्याला रेसला गेलो. सकाळपासून संततधार. गवताचा नुसता राडा झालेला, घोडे पोटापर्यंत माखलेले. माझा घोडा सुंदर होता, वरून खाली आलेला, रुसलेला, मान अशी की नुसतं बघत राहावं. वळणावर त्याचे पाय घसरले. आणि तात्याचा तो जाडा, झोपाळू, आमच्या वाडीत शोभला असता असा घोडा एकेक पाय उपसून काढत सगळ्यांच्या पुढे आला. तात्या ओरडला नाही, नाचला नाही. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. त्या एका दुपारनं पुढची सगळी वर्षं नासवली. त्यानंतर तात्याशी वाद घालायची सोयच राहिली नाही.

परतताना एस.टी.त बाबांच्या शेजारी बसून मी चिडून विचारलं, "म्हणजे माझ्या नजरेला काहीच किंमत नाही?"

"तात्याची नजर जुनी हाय, बाय."

"आणि माझी?"

"तुजी होईल," बाबा म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

मग ती वर्षं संपली. खोलीच्या जागी आता टॉवर आहे. तात्या फोटोत गेला, आई गेली, दुर्बीण कुणी नेली की कुठे राहिली ते कळलंच नाही. मुंबई सोडून मांडवीला राहायला येऊनही मला बरीच वर्षं झाली. कितीतरी वेळा मनाशी म्हणाले, सोड, घोड्यांचा विषय आपल्याकडून संपला. पण रस्त्यावर माणूस पुढून चालत गेला तरी मी त्याची पावलं बघते. लग्नात नवरीच्या साडीकडे बघत नाही, शेजारी दुसरं कुणी आलं की ती कान कसे फिरवते ते बघते. वेड्यासारखं आहे हे, मला माहीत आहे.

काल दुपारी शेवटी राहवेना. बाबांना म्हटलं, "चला, मांडवीला जाऊ. घोडा दाखवते." दाखवते म्हणाले आणि जीभ चावली. पण बाबा लगेच उठले. पांढरा शर्ट मागितला. स्वतः चाचपून बटणं लावली, एक चुकलं, ते मी नीट करायला गेले तर माझा हात बाजूला सारला.

रिक्षानं गेलो. ऊन उतरत होतं, समुद्र मागे हटलेला, जेट्टीकडून सुक्या मासळीचा वास येत होता. बाबांना मी बाकावर बसवायला गेले तर ते बसेनात. वाळूत उभे राहिले, चप्पल काढून, हनुवटी वर करून. घोडेवाला मिरजेकडचा, इकबाल नाव त्याचं. तो लांबूनच ओरडला, "बसनार काय आजोबा? पडू देनार न्हाई!" मी त्याला जवळ बोलावलं, म्हटलं, बसायचं नाही, बघायचं आहे. त्याला ते विचित्र वाटलं असणार, पण त्यानं घोडा आणून उभा केला.

बाबा बघायला लागले. डोळे ताणून, मान एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला करून.  घोडा त्यांच्यापुढे हातभर अंतरावर उभा होता, प्लॅस्टिकची फुलं वाऱ्यानं हलत होती.

"जवळ आन म्हनावं त्येला," बाबा म्हणाले. "लांब हाय फार."

इकबालनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा, जवळच आहे."

तेवढ्यात घोडा फुरफुरला. त्याचा गरम श्वास बाबांच्या तोंडावर आला आणि बाबा दचकून मागे सरले. मी त्यांचा दंड धरला.  त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांना सांगायचं ते थोडं थोडंसुद्धा आता उरलेलं नव्हतं, आणि हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं.

त्यांनी समुद्राच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "सांग."

इकबालनं घोडा चालवला आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. मागच्या पायाची झेप वीतभर पुढे पडते. मान लांब, खांद्यातून सरळ निघालेली. डोळ्यांवर खळगे पडलेत, वय झालंय. तट्टू शेजारी आला तेव्हा तो सरकला नाही, कान फिरवला आणि पाऊल लांब टाकलं, बाबा, त्या गुडघाभर तट्टूसाठी!

"वर्ग?"

"वरचा. पहिल्यात धावलेला असणार."

"मग खाली का आयला?"

"डावा पुढचा पाय. नळीच्या मागची शीर सुजून कायमची जाड झालीय. चालताना कळत नाही, वळताना कळतं."

बोलून मी थांबले. आता ते तोंड वळवणार हे मला ठाऊक होतं. घोड्याचा मालक समोर उभा होता, त्याच्याइतका चांगला साक्षीदार कुठला? मी मनात भांडण तयार ठेवलं होतं, जुनं सगळं काढायचं ठरवलं होतं, अगदी पुण्यापर्यंत.

"हं," बाबा म्हणाले. "तसाच आसंल मग."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, "ह्यांना विचारा हवं तर. घोडा ह्यांचाच आहे."

"कशाला? तू बगितलास ना?"

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य असं, वाळूत उभ्या उभ्या, सहज मिळालं. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. म्हणजे शंका घेत होते तोवर ते बघत होते. माझ्या डोळ्यांशी त्यांचे डोळे भांडत होते. आता भांडायला पलीकडे कुणी नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, "पायाला हात तरी लावून बघा. शीर लागेल हाताला."

"नको गो. तू सांगितलास, झाला."

मला ते सहन होईना. मी त्यांच्या कानाशी गेले आणि धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, "बाबा, पाय गेला तरी काही बिघडत नाही. आत्ता ह्याला महालक्ष्मीला नेऊन सोडला ना, तरी पहिला येईल." म्हातारा, लंगडा, पोरांना फिरवणारा घोडा! कुणीही हसलं असतं. तात्या असता तर वाळूत बसून हसला असता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, ओरडा, मूर्ख म्हणा, काहीतरी म्हणा.

बाबांनी मान हलवली, गंभीरपणे. "येईल," ते म्हणाले. "तू म्हनतेस ना, मग येईल."

इकबाल पुढचं गिऱ्हाईक बघायला घोडा घेऊन निघाला. मी बाबांचा हात घट्ट धरला आणि आजूबाजूच्या माणसांत शोधायला लागले, कुणी ओळखीचं दिसतंय का, की जो इकडे येऊन ह्यांना सांगेल, हिचं काही ऐकू नका म्हणून.